बिरदेवने धुतलेली पिवळी गाडी

मित्रांनो, विट्याच्या पूर्वेला बाभुळवाडीच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे. शाळेला जाता-येता तुम्ही तिच्या फटीतून आत डोकावता, ते मला ठाऊक आहे. आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आहेत, फवारणीचा पंप आहे आणि मधोमध एक बुटकी, रुंद, पिवळी मोटार उभी आहे. ती जुनी मोटार मी. आता मी जागची हलत नाही. बोलायला मात्र मला भरपूर वेळ आहे, आणि सांगण्यासारखंही पुष्कळ आहे.

माझा जन्म इटलीतला. तिथल्या कारखान्यात माझ्या आसनांचं कातडं एका बाईने हाताने शिवलं. माझं इंजीन एकाच कारागिराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवलं. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्याने मला सुरू केलं आणि डोळे मिटून माझा पहिला आवाज ऐकला. तो हसला, तेव्हा मला कळलं की मी चांगली झाले आहे. मग जहाजातून मी मुंबईच्या बंदरात उतरले आणि तिथून बंगळूरच्या एका श्रीमंत माणसाकडे गेले. तो मला फक्त रविवारी सकाळी बाहेर काढायचा. पुढे त्याने माझ्याहून नवी गाडी घेतली आणि मी विकायला निघाले.

मला बघायला आलेल्यांत तानाजी होता. बाभुळवाडीच्या मेंढपाळाचा हा धाकटा मुलगा. मिसरूड फुटायच्या आतच तो कोइमतूरला गेला होता. आपल्या खानापूर-आटपाडीकडची पुष्कळ माणसं देशभर सोनं आटवायची दुकानं चालवतात, तशाच एका दुकानात तो भट्टीपाशी राबला. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं सोनं शुद्ध करायचं, हे काम. तेजाबाचे डाग त्याच्या बोटांवर कायमचे राहिले होते. पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं. त्या दिवशी तो माझ्याभोवती एक चक्कर मारून थांबला आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला, स्वप्नालीला, हळूच म्हणाला, "भंडाऱ्याचा रंग हाय बग."

तुम्हाला भंडारा सांगायला नको. बिरोबाच्या देवळात उधळतात ती हळद. तिच्यासारखी मी पिवळीजर्द होते. त्याने दुसरं काही विचारलंच नाही.

मला विकत घेणं त्याला जमलं. मला पोसणं ही निराळी गोष्ट होती. माझं तेल गावोगावच्या दुकानांत मिळत नसे, ते मागवावं लागे. वर्षातून एकदा मला ट्रेलरवर चढवून बंगळूरला न्यावं लागे, कारण माझं बॉनेट उघडून मला समजून घेणारी माणसं तिथेच होती. पंधरा दिवस उभी राहिले तर माझी बॅटरी उतरे. गतिरोधक आला की तानाजीचा श्वास अडके, कारण माझं पोट रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर. त्यासाठी नाक थोडं उचलायचं एक बटण मला होतं, पण आपल्याकडचे गतिरोधक बटणाला जुमानत नाहीत. टायर तर मी एखाद्या खोडकर पोराने चपला झिजवाव्यात तशी झिजवत असे.

"चार टायरं म्हंजी किती रं?" असं बिरदेवने एकदा विचारलं होतं. तानाजीने आकडा सांगितला. बिरदेवने मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "वीस मेंढरं झाली की." पण असं म्हणताना त्याच्या आवाजात कौतुकच होतं.

बिरदेव म्हणजे तानाजीचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा मेंढरं त्याच्या गळ्यात पडली आणि शाळा सुटली. तानाजी त्याला आण्णा म्हणे. दरवर्षी बिरोबाच्या जत्रेला तानाजी मला घेऊन कोइमतूरहून गावी येई. महामार्गावर मी वाऱ्यासारखी येई, पण फाट्यापासून त्यांच्या वस्तीपर्यंतची वाट नुसत्या दगडधोंड्यांची होती. पहिल्या वर्षी आम्ही आलो तेव्हा ती वाट सपाट केलेली दिसली. बिरदेवने ट्रॅक्टरने मुरूम आणून ओतला होता, मोठे दगड पहारीने उपटून बाजूला केले होते आणि पाणी मारून सगळं दाबून घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. धाकट्याची गाडी दारापर्यंत आली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. मी त्या वाटेवरून हळूहळू चालले आणि तो माझ्यापुढे उलटा चालत, हाताने दिशा दाखवत राहिला.

दारात त्यांची आई सुलाबाई उभी होती. तिने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मूठभर भंडारा माझ्या बॉनेटवर उधळला. "बया! ही तर बिरुबाचीच लेक दिसतीया," ती म्हणाली. मग तिला आत बसवलं, तर म्हातारीला बाहेर येता येईना. दोघा लेकांनी दोन हात धरून ओढलं, तेव्हा सगळं अंगण हसलं. बिरदेव मात्र माझ्यात कधी बसला नाही. "माझ्या पायाला लेंड्या असत्यात," असं म्हणून तो हात मागे घ्यायचा.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं.

ती आमची चौथी की पाचवी जत्रा असेल. प्रवासाने दमलेला तानाजी सकाळी उशिरापर्यंत झोपला होता. वाटेतल्या उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि आईने उधळलेला भंडारा, दोन्ही माझ्या अंगावर चिकटलं होतं. जत्रेचे पाहुणे यायचे होते. बिरदेवला वाटलं, गाडी अशी मळकी दिसता कामा नये. त्याने हौदातून पाणी आणलं, बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि काथ्याचा बोळा घेतला. कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यात धुतात ना, तसं त्याने मला धुतलं. "उभी ऱ्हा बाय, झालंच," असं तो माझ्याशी बोलत होता. काथ्यात मुरमाचे कण अडकले होते. प्रत्येक हातासरशी माझ्या रंगावर बारीक रेघा उठत होत्या आणि मला ते कळत होतं. तरीही खोटं बोलणार नाही, इतक्या मायेने मला त्याआधी कोणी हात लावला नव्हता. शेवटी पुसायला फडकं सापडेना, तेव्हा त्याने जत्रेसाठी आणलेला नवा कोरा पटका डोक्यावरून उतरवला आणि त्याने मला पुसलं.

ऊन चढलं. तानाजी बाहेर आला. अंगणात पाहुणे चहा पीत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला. उन्हात माझ्या बॉनेटवर, दारांवर, छपरावर गोल गोल ओरखडेच ओरखडे चमकत होते.

"आण्णा, ह्ये काय केलंस?"

"धुतली रं. लय मळली हुती."

"कशानं?"

बिरदेवने काथ्या पुढे केला. तो अजून हसतच होता.

"काथ्यानं? मेंढरू हाय व्हय रं ह्ये?" तानाजीचा आवाज चिरकला. "तुझी समदी मेंढरं इकलीस ना, तरी ह्यो रंग भरून निघायचा न्हाई! जलमभर शेळ्या-मेंढ्यांच्या मागं फिरायची अक्कल, आन निघाला गाडी धुवायला!"

पाहुण्यांचे कप हातातच राहिले. सुलाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "तान्या, थोरला हाय त्यो."

"थोरला हाय तर थोरल्यागत ऱ्हावं," तानाजी म्हणाला.

बिरदेवने काथ्याचा बोळा बादलीत टाकला. ओला पटका पिळून खांद्यावर घेतला आणि बोडक्या डोक्याने मेंढरांकडे निघून गेला. त्या जत्रेत ढोलाच्या तालावर गजी नाचणाऱ्यांमध्ये तो नव्हता. त्याचा ढोल दुसऱ्याच कोणीतरी वाजवला.

माझे ओरखडे गेले, मित्रांनो. बंगळूरच्या माणसांनी यंत्राने घासून, पुन्हा चकाकी देऊन मला नवीसारखी केली. त्यासाठी भरपूर पैसे घेतले आणि तानाजीने ते दिले. महिन्याभरात माझ्या अंगावर त्या सकाळची एकही खूण राहिली नाही. पण पुढच्या वर्षी आम्ही फाट्यावर पोहोचलो, तर पावसाने वाट खरवडून टाकली होती आणि दगड पुन्हा वर आले होते. तानाजी उतरला. त्या वाटेकडे तो बराच वेळ बघत राहिला. मला फाट्यावरच सोडून तो आणि स्वप्नाली चालत घरी गेले. बिरदेव आधीच मेंढरं घेऊन लांब चारणीला निघून गेला होता.

मग फाट्यावर ही शेड उभी राहिली. कोइमतूरला दुकानाचं काम मंदावलं, तिथे मला ठेवायला जागा महाग पडू लागली, तेव्हा तानाजी मला इथेच ठेवू लागला. महिनोन् महिने मी झाकणाखाली असे. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. पुण्याहून प्रांजल नावाची इंजिनीअर मुलगी आली, तिने दोन दिवस बसून त्या जोडल्या आणि जाताना म्हणाली, "दादा, उभी ठेवलीत तर ही जास्त बिघडेल. आठवड्याला एक फेरी तरी मारत जा." तानाजीने मान हलवली. पण गावात आला तरी तो मला क्वचितच बाहेर काढायचा. कधी नुसताच येऊन आत बसायचा, फोन काढायचा, बिरदेवचा नंबर लावायचा. रिंग पुरी वाजून बंद व्हायची. मग तो फोन उलटा करून मांडीवर ठेवायचा. स्वप्नाली एकदा म्हणाली, "आवं, फोनवर कशाला? जाऊन भेटा की." तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

असं होता होता सुलाबाई अंगणात पाय घसरून पडली.

दिवाळी होऊन गेली होती. तानाजी चार दिवसांसाठी गावी आलेला. शेजाऱ्याने म्हातारीला आपल्या जीपमध्ये घातलं आणि स्वप्नाली तिला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेली. तानाजी घराला कुलूप लावून मागोमाग निघाला. तो शेडपाशी पोहोचला आणि मला सुरू करत होता, तेवढ्यात स्वप्नालीचा फोन आला. तो त्याने स्पीकरवर घेतला, म्हणून मीही ऐकला.

"खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणत्यात, काळीज लय कमजोर हाय, तरी उद्या सकाळी ऑपरेशन करावंच लागंल. पर आत्या ऐकंनात. बिरू आल्याबिगर मी आत जायाची न्हाई, म्हणत्यात. दोघांस्नी एका जागी बगू द्या, मंग न्या कुटं न्यायचं ते, म्हणत्यात."

बिरदेवचा फोन बंद होता. मेंढरांच्या तळावर वीज नसते, कोणी गावात गेलं तरच फोन चार्ज होतो. गावातल्या एकाने सांगितलं की तळ फलटणच्या बाजूला आहे, साखर कारखान्याच्या पुढे, पाटाच्या कडेला. मिरज दक्षिणेला आणि फलटण उत्तरेला. तानाजीने क्षणभरच विचार केला आणि मला उत्तरेला वळवलं.

किती दिवसांनी मी अशी पळले! मायणी मागे पडली, दहिवडी मागे पडली, मोगराळ्याचा घाट मी उतरले. पण त्या दिवशी पळण्यात सुख नव्हतं. तानाजीचे हात चाकावर घट्ट आवळलेले होते आणि तो सारखा ओठ चावत होता. फलटणच्या पुढे त्याने दोघा-तिघांना विचारलं. शेवटी एका ऊसतोड्याने बोट दाखवलं. डांबरी रस्ता संपला होता. पाटाच्या कडेने बैलगाडीची वाट जात होती, मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना खोल चाकोरी.

तानाजी थांबला. मला वाटलं, आता तो मला इथे ठेवून चालत जाईल, नेहमीसारखा. पण मेंढरं दूर, पार शिवाराच्या टोकाला दिसत होती. त्याने नाक उचलायचं बटण दाबलं आणि मला त्या वाटेवर घातलं.

माझं पोट दगडांवर घासू लागलं. पुढची कड तुटून लोंबू लागली. आवाज ऐकून बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. एका जागी खालून मोठा आघात झाला आणि काहीतरी चिरल्याचं मला जाणवलं. तानाजीलाही जाणवलं असणार, कारण त्याने एकदा डोळे मिटले. पण पाय काढला नाही.

बिरदेव घोंगडी टाकून बसला होता. तो उठून धावत आला. इतक्या वर्षांनी भाऊ समोर उभा होता आणि त्याच्या तोंडातून पहिले शब्द आले ते हे: "आरं, गाडी हितं कशाला आणलीस? खाली दगडं हायती!"

"आण्णा, आई पडलीया," तानाजी म्हणाला. "मिरजंला नेलीया. तू आल्याबिगर ऑपरेशन करून घ्याची न्हाई म्हणतीया."

बिरदेवने मागे वळून बायकोला, राणीला, मेंढरांकडे बघायला सांगितलं. मग तो माझ्या दारापाशी येऊन अडला. पायांना चिखल होता, लेंड्या होत्या, धोतराला दुधाचे डाग होते. "जरा पाय धुवून येतो," तो म्हणाला.

"बस, आण्णा."

"समदं खराब हुईल रं."

तानाजीने त्याचा दंड धरला. "तसाच बस," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, तसाच बस."

असा बिरदेव पहिल्यांदा माझ्यात बसला. इटलीतल्या त्या बाईने शिवलेल्या कातड्यावर तो अवघडून, अंग चोरून बसला होता. घाट चढून गेल्यावर तानाजी म्हणाला, "आण्णा, त्या दिशी मी..."

"म्होरं बग," बिरदेव म्हणाला. "गाडी नीट चालव."

थोड्या वेळाने त्याने आपणहून विचारलं, "आई कशी पडली?" आणि मग दोघं आईविषयी बोलत राहिले. तासगावच्या अलीकडे माझ्या समोरच्या काचेखाली तांबडा दिवा लागला.

"ह्यो कसला दिवा?"

"तेल गळतंय. मगाशी खालनं फुटलीया."

"मंग थांब की. तेल घाल."

"हिचं तेल हितं मिळत न्हाई."

"आसंच चालवलंस तर?"

"इंजीन जाईल."

बिरदेव त्याच्याकडे बघत राहिला. त्याला टायरांची किंमत मेंढरांत मोजता आली होती, इंजिनाची मोजता येणार नव्हती. "तान्या, थांब रं. एसटीनं जाऊ. न्हाईतर कुणाला तरी हात करू."

"तिनं वाट किती बगायची?" तानाजी म्हणाला आणि थांबला नाही.

माझी अवस्था काय सांगू? आत लोखंडावर लोखंड घासत होतं. मी विव्हळत होते, खडखडत होते. पण मलाही थांबायचं नव्हतं, हे मनापासून सांगते. मिरजेची घरं दिसू लागली, रेल्वेचा पूल दिसू लागला आणि तिथे माझ्या आत एक मोठा आवाज होऊन सगळं जागीच जखडलं. तानाजीने मला ढकलून कडेला लावलं. समोरून रिक्षा येत होती. दोघं भाऊ तिच्यात बसून गेले. किल्ली माझ्यातच राहिली. दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी काही दिवस तिथेच रस्त्याकडेला उभी होते. कोणीतरी माझं नाकावरचं बोधचिन्ह उचकटून नेलं. पुढे ट्रेलर आला आणि मला बाभुळवाडीच्या फाट्यावर आणून सोडलं. त्या संध्याकाळी दोघं भाऊ शेडमध्ये आले. दोघांचीही डोकी तासलेली होती. कोणी मला काही सांगायची गरज नव्हती.

ते कडब्यावर टेकून बसले. त्यांच्या बोलण्यातून मला बाकीचं कळलं. सुलाबाईने दोघांना बघितलं होतं. एकाचा हात डाव्या हातात, दुसऱ्याचा उजव्या हातात धरून ती रात्रभर झोपली. सकाळी हसत आत गेली. शुद्धीवरही आली, दोन दिवस दोघांच्या हातून पेज घेतली. तिसऱ्या दिवशी काळजाने साथ सोडली.

"मी आलो नसतो तर?" बिरदेव म्हणाला.

बिरदेवने तानाजीच्या तासलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

बंगळूरच्या माणसांनी कळवलं की माझं इंजीन नवं घालायला जो खर्च येईल, तेवढी आता माझी किंमतही उरलेली नाही. तानाजीने ते ऐकलं आणि फोन ठेवून दिला. सुट्या भागांसाठी मला मागणारे येतात, त्यांना तो परत पाठवतो. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित त्यालाही नसेल.

या हिवाळ्यात मेंढरं फाट्यापाशी असताना एक मेंढी विताना गेली. तिचं कोकरू गारठून लाकडासारखं झालं होतं. तानाजीनेच त्याला छातीशी धरून आणलं, माझं दार उघडलं आणि आसनावर घोंगडी पसरून त्याला ठेवलं. आत वारा लागत नाही.

"आरं, मुतंल ते त्याच्यावर," बिरदेव म्हणाला.

"मुतू दे," तानाजी म्हणाला.

मित्रांनो, आपल्या सायकलीला तेल घाला, दप्तराची शिवण उसवली तर वेळेवर शिवून घ्या. वस्तू जपलेल्या मला आवडतात; मी स्वतः एक वस्तू आहे आणि न जपल्याने काय होतं ते मी भोगलं आहे. पण तुमच्या लाडक्या वस्तूवर कधी कोणाच्या हातून ओरखडा पडलाच, तर तोंड उघडण्याआधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. ओरखडा काढून देणारे कारागीर असतात, पैसे घेऊन ते काम करतात. चारचौघांत बोललेला शब्द काढून देणारं दुकान मला बंगळूरपासून मिरजेपर्यंत कुठेही दिसलं नाही.

आता फटीतून बघण्यापेक्षा आत या आणि कोकराला बघून जा. त्याचा नुकता कुठे डोळा लागला आहे. तेवढं दार मात्र हळू लावा.